मुंबईतली गावठाणं, कोळीवाडे आणि पाडे: नोंदीतला शिक्का आणि गल्लीतला विकास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गटाराचं काम अडलं, घराची भिंत खचली, नाहीतर कुणी बिल्डर सह्या गोळा करत फिरू लागला की लोक कागद घेऊन विचारायला येतात. प्रश्न वेगवेगळे असतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: आपली वस्ती सरकारी नोंदीत कोणत्या नावाने आहे आणि तिची हद्द कुठे संपते, हे कुणी पाहिलेलं नसतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

महापालिका आली तेव्हाच गाव संपलं ना? मग गावठाण कसलं?

ग्रामपंचायत संपली, गाव संपलं नाही. उपनगरांतली गावं मुंबईत दोन टप्प्यांत आली. १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतची, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतची. त्यामुळे कारभार महापालिकेकडे गेला, पण महसुली गावं कागदावर तशीच राहिली. आजही उपनगर जिल्ह्याचे अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. तुमच्या मालमत्ता पत्रकावर 'मौजे' असं लिहून पुढे गावाचं नाव असतं. मरोळ, एक्सर, देवनार, गोराई ही नुसती स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांना सांगायची नावं नाहीत, ती महसुली गावं आहेत.

गावठाण म्हणजे त्या महसुली गावातली घरवस्तीची जागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार तिची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात, महापालिका नाही. हे लक्षात ठेवा, कारण निम्मी धावपळ चुकीच्या कचेरीत होते. वॉर्ड ऑफिसात जाऊन 'आमचं गावठाण वाढवून द्या' म्हणणाऱ्याला तिथला साहेब फार तर चहा देईल.

आमची भातशेती, वाडी, आगर हे सगळं गावठाणात येतं का?

नाही, आणि तंटे इथूनच सुरू होतात. हद्द आखली तेव्हा जिथे घरं होती तेवढंच गावठाण. भोवतालची शेतं, वाड्या, मिठागरं, खाजण यांचे सर्व्हे नंबर वेगळे. विकास आराखड्याने त्यांच्यावर वेगवेगळे झोन टाकले. कुठे निवासी, कुठे उद्यानाचं आरक्षण, कुठे १९९१ च्या आराखड्यातलं ना-विकास क्षेत्र. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यातही बऱ्याच जमिनी अडकल्या. महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला, पण जुन्या फेरफारांवरचे शेरे आजही लोकांना छळतात.

दरम्यान कुटुंबं वाढली. तीन भावांचे नऊ मुलगे झाले. गावठाणातलं आजोबांचं घर तेवढंच राहिलं, म्हणून कुणी शेजारच्या स्वतःच्याच शेतात दोन खोल्या बांधल्या. जमीन स्वतःची, सातबारा स्वतःचा, पण घर नोंदीत अनधिकृत. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या ९५ गावांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे अशा घरांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि ती नियमित करायची की नाही यावर अनेक सरकारं आली नि गेली. तिथे निदान संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना होती, प्रकल्पग्रस्त म्हणून ओळख होती आणि शेतकरी नेते दि. बा. पाटलांसारखं नेतृत्व होतं. मुंबईच्या गावकऱ्याला प्रकल्पग्रस्तही म्हणत नाहीत, कारण इथे एकच मोठा प्रकल्प आला नाही, शहरच हळूहळू अंगावर आलं. गावठाण विस्तार हा मुंबईतला सर्वांत टाळला गेलेला विषय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोळीवाडा आणि गावठाण एकच का?

काही ठिकाणी एक, काही ठिकाणी नाही. कोळीवाड्याला घरांइतकीच मोकळी जागा लागते: बोंबील वाळवायला, जाळी विणायला, पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायला. घरं गावठाणाच्या नकाशात आली तरी ही मोकळी जागा बहुतेक ठिकाणी सरकारी पड किंवा किनारा म्हणून राहिली. नियोजनाच्या नकाशात मोकळं दिसणारं मैदान हे कुणाचं तरी कामाचं ठिकाण असतं, ते नकाशा काढणाऱ्याला दिसत नाही. मग तिथे पार्किंग येतं, सुशोभीकरण येतं, बाकडी येतात. बोंबील मात्र टेरेसवर जातो.

दुसरा फरक किनारा नियमांचा. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या संबंधित नोंदींत दाखवलेले कोळीवाडे सीआरझेड-३ (किनारा नियमांतला ग्रामीण भागाचा वर्ग) म्हणून नकाशावर घ्यावेत, आणि तिथल्या राहत्या घरांचं बांधकाम व पुनर्बांधणी स्थानिक नगररचना नियमांप्रमाणे व्हावी, असं ती म्हणत होती. ऐकायला चांगलं होतं. पण 'दाखवलेले' या अटीवर सगळं अडलं. ज्या कोळीवाड्याची हद्द नकाशावर आलीच नाही, त्याने ही तरतूद कशाच्या आधारे मागायची?

मुंबईबाहेरच्या किनाऱ्यावर तर शिक्का आकड्याने ठरतो. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनारी भागाचे दोन प्रकार केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तर ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असतील तर २०० मीटर. म्हणजे दोन शेजारच्या गावांत एकाच लाटेचं पाणी, पण एका गावात भरतीरेषेपासून ६० मीटरवर घराची परवानगी मागता येते आणि दुसऱ्यात येत नाही. या सवलतीसाठी किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झालेला असावा लागतो, हे वेगळंच.

आमचा पाडा आरेत आहे. आम्ही कुठल्या यादीत?

तुमचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण पुष्कळ पाडे कोणत्याच यादीत धड नाहीत. आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये सुरू झाली. वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं तिच्या आधीपासून तिथे शेती करत होती. पण वसाहतीची जमीन दुग्धविकास खात्याच्या नावावर गेली आणि पाड्यातला माणूस स्वतःच्याच घरात सरकारी जमिनीवर राहणारा ठरला. गावठाण म्हणून हद्द नाही, महसुली गाव म्हणून स्वतंत्र ओळख नाही. मग वीज घ्यायची तर ना-हरकत दाखला, नळ घ्यायचा तर ना-हरकत दाखला, शौचालयासाठीही तोच. महापालिकेकडे पैसा आहे पण जमीन तिची नाही, आणि ज्या खात्याची जमीन आहे त्याचं काम दूध. पाड्याचा विकास या दोन टेबलांच्या मधल्या बोळात अडकतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या पाड्यांचा पेच वेगळा. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायचे आदेश दिले. शहरातून येऊन झोपडी टाकलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा वारली यांच्यात फरक करणारा कागद पाड्याकडे नसेल, तर हटवणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात.

हा फरक दाखवणारा कायदा म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर ताबा असलेल्या आदिवासींचे हक्क तो मान्य करतो. त्याच्या कलम ३(१)(ह) मध्ये वनगावं, जुन्या वस्त्या आणि न मोजलेली गावं महसुली गावांत बदलून घेण्याचा हक्क आहे. बहुतेक लोक वैयक्तिक दावा तेवढा भरतात आणि गावाचा दावा सोडून देतात. माझ्या मते उलट करायला हवं. घराचा दावा मंजूर झाला तर घर वाचेल. वस्तीला गाव म्हणून मान्यता मिळाली तर रस्ता, नळ, अंगणवाडी मागताना दर वेळी कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. अडचण अशी की हा कायदा वनजमिनीला लागू होतो. आरेतला बराच भाग वन म्हणून नोंदलेला नव्हता. २०२० मध्ये आरेच्या काही भागाला राखीव वनाचा दर्जा द्यायची प्रक्रिया सुरू झाली, त्यामुळे काही पाड्यांचं उत्तर बदललं आणि काहींचं नाही. आपला पाडा त्या हद्दीत येतो की बाहेर, हे आधी तपासा.

'झोपडपट्टी' म्हणून घोषित झालो तर बिघडलं कुठे? निदान फ्लॅट तरी मिळेल.

हा प्रश्न आता तरुण मुलं विचारतात, आणि त्यांना नुसतं 'आपली संस्कृती' सांगून भागत नाही. सहा फुटी गल्लीत चार पिढ्या राहिल्यावर लिफ्टची इच्छा होणं गैर नाही. म्हणून हिशेब नीट मांडू.

१९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे एखादा भाग झोपडपट्टी क्षेत्र म्हणून घोषित करताना काय पाहतात? दाटी, अपुरा उजेड-वारा, पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची सोय नसणं, मोडकळीला आलेली घरं. आता तुमच्या गावठाणातून एक फेरी मारा. शंभर वर्षांपूर्वीच्या बैलगाडीच्या वाटा, एकमेकांना टेकलेली घरं, कौलं फुटलेली, सांडपाण्याची वाहिनी महापालिकेने कधी टाकलीच नाही. म्हणजे आधी सोय द्यायची नाही, दुरुस्तीला परवानगी अडवायची, आणि मग सोय नाही म्हणून झोपडपट्टी ठरवायची. या चक्रात कुणा एकाचा कट असतोच असं नाही. तीन खाती आपापलं काम नियमाप्रमाणे करतात आणि त्यांच्या बेरजेतून हा निकाल येतो.

फरक मालकीत पडतो. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत पात्र झोपडीधारकाला ३०० चौरस फुटांचं घर मोफत मिळतं. झोपडीधारक म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा, असं त्या योजनेचं गृहीतक आहे. गावठाणातला माणूस स्वतःच्या जमिनीवर राहतो. त्याचं घर १२०० फुटांचं, पुढे अंगण, मागे विहीर असेल, तरी झोपडीधारक म्हणून त्याच्या वाट्याला तेच ३०० फूट. जमीनमालक म्हणून त्याला पुनर्विकासाचा पहिला हक्क आहे आणि न्यायालयांनी तो मान्य केला आहे. पण तो हक्क वापरायला एकत्र येणारे मालक लागतात. गावठाणात एका मालमत्ता पत्रकावर मेलेल्या काकांची नावं अजून असतात, एक वारस वसईला, एक आखातात. तोवर भाडेकरू धरून ५१ टक्के संमती दुसरा कुणी गोळा करून मोकळा होतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. झोपडपट्टी म्हणून नोंद असलेल्या काही गल्ल्यांत शौचालयं, लाद्या, दिवे लवकर आले, कारण त्यासाठी निधीचं लेखाशीर्ष ठरलेलं होतं. गावठाणासाठी तसं स्वतंत्र लेखाशीर्ष नाही. शुद्ध गावठाण म्हणून मिरवणारी शेजारची आळी तुंबलेल्या गटाराशेजारी बसून राहिली. हे मी नाकारत नाही. पण गटारासाठी जमिनीची ओळख बदलून घेणं हा महागडा सौदा आहे.

घोषणा राजपत्रात येते आणि अपिलाची मुदत जेमतेम ३० दिवस असते. वस्तीत कुणी सर्वेक्षणाला आलं, घरांवर नंबर टाकू लागलं, तर कोणत्या कायद्याखाली ते आधी लेखी विचारा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

घराची भिंत खचली आहे. परवानगी न घेता दुरुस्ती केली तर?

महापालिका अधिनियम, १८८८ मध्ये घर राहण्याजोगं ठेवण्यासाठीची किरकोळ दुरुस्ती आणि नवं बांधकाम यांत फरक आहे. कौलं बदलणं, गिलावा, लादी यासाठी सहसा अडचण येत नाही. भिंत पाडून नवी उभारली, उंची वाढवली, माळ्याचा मजला केला, की कलम ३५१ ची नोटीस येऊ शकते. काम चालू असेल तर ३५४-अ खाली थांबवतात.

तुमच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा म्हणजे घराचं वय. राहतं बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं आणि बिगरनिवासी १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असेल तर महापालिका ते सहसा मान्य धरते. म्हणून जुनी घरपट्टीची पावती, विजेचं बिल, लग्नाचा फोटो ज्यात मागे घर दिसतंय, हे फेकू नका. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी, टेप धरून फोटो काढा. नोटीस आल्यावर काढलेल्या फोटोला किंमत नसते.

गावठाणात एफएसआय किती मिळतो?

एफएसआय म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण. ते तुमच्या गल्लीच्या रुंदीवर अवलंबून. कागदावर मिळणारा एफएसआय आणि समासाची (इमारतीभोवती सोडायची) जागा, अग्निशमनाचा बंब, जिना हे सगळं सोडल्यावर हातात उरणारा, यांत फार अंतर असतं. शंभर चौरस मीटरच्या तुकड्यावर स्वतंत्र परवानगी काढायला गेलात तर आर्किटेक्ट हसेल. दोन-तीन शेजाऱ्यांनी एकत्र आराखडा केला तर काही जमतं.

आराखड्यात आमच्या घरांवरून रस्ता कसा काय गेला?

कारण नकाशा करणाऱ्याला तिथे मोकळी वाट किंवा धूसर ठिपका दिसला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विकास आराखड्याच्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये 'आराखडा २०३४' मंजूर झाला. या काळात अनेक गावठाणांनी आणि कोळीवाड्यांनी हरकती दिल्या. त्यातून मला दिसलेली गोष्ट अशी: 'आम्ही मूळ रहिवासी आहोत' अशी भावनिक पत्रं ढिगाने गेली, आणि 'शीट क्रमांक अमुक, सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक तमुक, येथे १९६० पूर्वीचं घर आहे, सोबत नकाशा' अशी पत्रं थोडी. काम दुसऱ्या प्रकाराने होतं. मोर्चा काढू नका असं नाही. मोर्च्यात हे पत्र खिशात असू द्या.

मंजूर आराखड्यातली चूक दुरुस्त करायची तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. लांबचा रस्ता आहे, पण बंद नाही.

सीमांकन इतकी वर्षं का रखडलं?

जिल्हाधिकारी हद्द ठरवणार, भूमि अभिलेख खातं मोजणार, मत्स्यव्यवसाय खातं कोळीवाड्याची शहानिशा करणार, महापालिका आराखड्यावर दाखवणार आणि किनारा प्राधिकरण आपला नकाशा वेगळा ठेवणार. त्यातच शेजारी टॉवर उभा राहिलेला असतो आणि त्याच्या कंपाउंडची भिंत वहिवाटीच्या वाटेवर. रेषा ओढली की कुणीतरी बाहेर पडतं, म्हणून रेषा ओढायची कुणालाच घाई नसते. कधी कधी गावालाही नसते. ज्यांनी मोकळ्या जागेत खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत, ते मोजणीला सर्वांत आधी विरोध करतात. हे बोललेलं काहींना आवडणार नाही.

वारसा दर्जा मागावा का?

खोताची वाडी, माथारपाखाडी, बांद्र्याचं रानवार यांची नावं नेहमी पुढे येतात. १९९५ पासून मुंबईत वारसा नियम आहेत. दर्जा मिळाला तर टॉवरला अडथळा येतो, पण स्वतःची खिडकी बदलायलाही समितीकडे जावं लागतं, आणि लाकडी जिन्याच्या दुरुस्तीचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. ज्या घरांत तो खर्च परवडणारी माणसं राहतात तिथे हा मार्ग चालतो.

ग्रामीण योजना आम्हाला मिळतील का?

नाही. २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना, ज्यात ड्रोनने गावठाण मोजून घराचं मालमत्ता पत्रक देतात, ती ग्रामीण भागासाठी आहे. ग्रामीण घरकुल, रोजगार हमी, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांपैकी काहीच मुंबईत लागू नाही. गावकी आहे, पण कायद्याच्या अर्थाने ग्रामसभा नाही.

मग शहराबाहेर राहिलेली गावं जास्त सुखी आहेत का?

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांना विचारा. १९८३ मध्ये महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली १८ वेगळ्या नगरपरिषदेसाठी काढली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दरम्यान बांधकाम परवानगी द्यायची कुणी, पाणी सोडायचं कुणी, कर घ्यायचा कुणी, हे दर वेळी नव्याने ठरायचं. या अधांतरी काळात तिथे चाळी आणि इमारती भराभर उभ्या राहिल्या. कोणत्याही एका बाजूला पक्कं असणं हे असं सतत हलत राहण्यापेक्षा बरं.

सुरुवात कुठून करू?

चार कागद मिळवा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि त्याचा नकाशा. गावठाणाच्या हद्दीचा जुना नकाशा. महापालिकेकडून आपल्या सीटीएस क्रमांकाचे डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय याचा दाखला. आणि किनाऱ्यापाशी असाल तर सीआरझेडची रेषा दाखवणारा नकाशा. एखादी कचेरी 'सापडत नाही' म्हणाली तर माहिती अधिकारात लेखी मागा. 'नोंद आढळत नाही' हे लेखी उत्तरही पुढे उपयोगी पडतं.

मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं चढवून घ्या. बाकी सगळं नंतर.

मोजणीच्या दिवशी कोणी हजर राहावं?

लगतच्या सगळ्या मालकांनी, आणि ज्यांना जुनी हद्द ठाऊक आहे अशा दोन-तीन वयस्कर माणसांनी. विहीर, क्रूस, वेताळाचं ठाणं, वडाचं झाड, जुना बांध अशा खुणा भूमापकाला जागेवर दाखवा आणि पंचनाम्यात लिहायला लावा. हरकत असेल तर तिथेच, त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. कोऱ्या कागदावर किंवा पेन्सिलीने भरलेल्या नमुन्यावर सही करू नका, मग भूमापक ओळखीचा असला तरी.